तारखांच्या नकला

सर, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मला तुमचा राग आत्ता येतोय. परळीच्या त्या ऑफिसात, जिथं सकाळी कीबोर्डवर बसलेली वीज केंद्राची राख पुसल्याशिवाय काम सुरू होत नसे, तुम्ही दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिलात. तो अजून चालतो आणि आता माझ्याकडे दुरुस्तीला आलाय. त्यात डेटाबेसमधून तारीख-वेळ वाचली की तिचा पडद्यावर दाखवायचा मजकूर आधीच तयार होतो आणि त्या तारखेसोबत मेमरीत साठून राहतो. पुन्हा लागला तर असावा म्हणून. तुमच्या हाताखाली काम शिकत होते, तेव्हाच मी म्हणाले होते, सर, पुन्हा तो लागतच नाही, हजारो तारखांच्या नकला उगाच मेमरी खातात, म्हणून तर मशीन अडकतं. तुम्ही खुर्ची वळवता, चष्मा कपाळावर चढवता. "तुला लई कळाया लागलं का गं? मी ह्यात केस पांढरे केलेत." सगळे हसतात. दुसऱ्या आठवड्यात मला फोन घ्यायला बसवलंत आणि दीड वर्ष मी तिथंच राहिले. वाटलं, खरंच आपल्याला अक्कल नाही. आई म्हणायची, "सर देवमाणूस हाय, तुझ्या भल्याचंच बोलत असतील." मीही तेच म्हणायचे.

परवा ती साठवण काढून टाकायला फाइल उघडली. वर तुमचीच टीप, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, तारीख त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशीची: "मोजून पाहिलं. पोरगी बरोबर आहे. याची गरज नाही. सध्या राहू दे."

राहू दे! अहो सर, तुम्हाला माहीत होतं. माहीत असून मला फोनवर बसवलंत, रोज माझ्या हातचा चहा प्यायलात आणि एक शब्द काढला नाहीत. चारचौघांत नको, जिन्यात गाठून सांगितलं असतं तरी मी तुमच्या पाया पडले असते. हा दगा आहे, दुसरं काही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी लई रडले होते. आता त्याची लाज वाटते.

त्या ओळी काढल्या, टीपही काढली. काही बिघडलं नाही, उलट मशीन आता न अडकता चालतंय. संध्याकाळी काकूंचा फोन आला, तुमच्या तिथीचं जेवण सांगायला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "ह्यांचं काम चालू हाय का गं आजून? का टाकलं काढून?" मी सगळं सांगणार होते, सर. अगदी ओठांवर आलं होतं. आणि म्हणाले, "हाय ना काकू. एका ओळीलाबी कुणी हात लावला न्हाई."