ओहोटी दीडला

आई,

मी किनाऱ्याच्या वाटेने दीपगृहापर्यंत चालत निघालेय, एकटीच. येताना बस धरेन, सातपर्यंत घरी. बाबा दरवर्षी थंडी पडायच्या आधी वाटेवरच्या खुणांच्या दगडांना पांढरा रंग द्यायचे. गेल्या वर्षी कड्यापुढचे दगड राहिले, ते रंगवून येते. आजची ओहोटी साडेअकराला आहे, तीन ठिकाणी तपासलीय. उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस.

तोंडाने सांगायला जमलं नाही, म्हणून लिहिते. वर्षभर तू म्हणतेस, "मी डब्यासाठी थांबवलं नसतं तर ते भरतीच्या आधी कडा पार करून गेले असते, बुडाले नसते." काकाही येईल त्याला ऐकवतात, "वहिनींचा डबा नडला." मी शेजारी बसून मुकाट चहा पिते. माझी मलाच किळस येते.

त्या सकाळी बाबांना चष्मा सापडत नव्हता. दारामागचा भरती-ओहोटीचा तक्ता मी वाचला आणि सांगितलं, "ओहोटी दीडला." तो तक्ता आदल्या वर्षीचा होता. नवा त्याच खिळ्याला, त्याच्या मागे लटकत होता. खरी ओहोटी दहालाच होऊन गेली होती. तू तासभर आधी सोडलं असतंस, तरी ते कड्यापाशी दीड वाजायची वाट बघत बसलेच असते. मी सांगितलं होतं ना.

मी नडले, आई.

मला काय बोलायचं ते सातनंतर बोल. काका दुपारी येतील. ही चिठ्ठी त्यांनाच मोठ्याने वाचायला लाव.