तळटिपांचं पुस्तक

शिकागो,
२ डिसेंबर १९०६

प्रिय सिग्नेताई,

तू आणि भावजी बरे असाल. इथे थंडी फार आहे. विद्यापीठाच्या छापखान्यातलं माझं मुद्रितं तपासण्याचं काम ठीक चाललंय.

तू लोरेनाबद्दल विचारलंस. शेजारच्या टेबलाशी बसते, हुशार आहे. बाकी काय सांगू?

आमच्याकडे प्रत्येक प्राध्यापकाची तळटीप निराळी. कुणी ग्रंथाचं साल आधी घालतो, कुणी नाव इतकं तोडतो की तो ग्रंथ कुणाला सापडू नये. म्हणून सगळ्यांसाठी एकच नियमांचं पुस्तक करायचं ठरलं. आमचे मुख्य, ब्रांडलसाहेब, यांनी ते काम लोरेनाला दिलं. तिला येऊन जेमतेम वर्ष झालेलं, ताई! मी सात वर्षं तिथं डोळे फोडतेय. मी तिच्याबरोबर डबा खाणं सोडलं.

तळटिपेत लेखक, ग्रंथ, गाव, साल याच क्रमानं यावं, हे मी केव्हापासून सांगत होते. नियम ठरवायला प्राध्यापकांची बैठक होती, त्या दिवशी मुद्रितं घेऊन दाराशी पोचले, तर आत इतिहासाचे प्राध्यापक ओरडत होते, "हा क्रम कुठल्या पोरीनं ठरवला?"

लोरेना म्हणाली, "मिस डॅग्नी लिंडाल यांनी. आणि त्यांचं बरोबर आहे. तुमच्या टिपेवरून तुमचंच पुस्तक मला ग्रंथालयात मिळालं नाही, सर."

मला आनंद व्हायला हवा होता ना? मी आणखीच जळले. निदान ती वाईट तरी असायला हवी होती! माझ्याकडे रागवायलाही काही उरलं नाही.

काल पुस्तक छापून आलं. मी आधी पहिलं पान उघडलं. तिचं नाव नाही. कुणाचंच नाही, फक्त छापखान्याचं. मला इतकं बरं वाटलं की हसूच फुटलं. वर पाहिलं तर समोर लोरेना.

"तूही तेच शोधत होतीस?" ती सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी तीनदा पाहिलं गं. वाटलं, पानं चिकटली असतील. घरी जाऊन रडणार आहे मी."

आणि ती हसायला लागली. मीही हसले. मग आम्ही डबा एकत्र खाल्ला.

पण ताई, तेव्हाही जळलेच. जे मला इतके महिने कुणाजवळ बोलता आलं नाही, ते तिनं सगळ्यांदेखत सहज बोलून टाकलं.

मी निदान तुझ्याजवळ बोलले.

तुझी,
डॅग्नी