टिकटिकवालीचा आकडा

३ फेब्रुवारी, सकाळी सात
एकवीस वर्षं विमानतळावर ट्रॉल्या गोळा करतोय, पण असा शुकशुकाट पाहिला नाही. प्रवासी पार्किंगमध्ये ट्रॉल्या टाकून जातात, त्या मी दारापर्यंत ढकलत आणतो. प्रवासीच नाहीत, तर टाकणार कोण? सुपरवायझर म्हणाला, काका, प्रवासी घटले की माणसंही घटणार, महिनाअखेरीस यादी लागेल. बोलताना हसला. का हसला? लक्षात ठेवतो.

५ फेब्रुवारी
मुख्य दारात नवी पोरगी. डाव्या हातात मोजणीचं यंत्र. माणूस आत गेला की टिक. उजव्या हाताने कागदावर काहीतरी लिहिते, तेही झाकून. मला गोड आवाजात विचारते, काका, चहा झाला का? उगाच कोण कुणाच्या चहाची चौकशी करतं? कुठेतरी पाणी मुरतंय.

६ फेब्रुवारी
रामबाण उपाय सुचला! आकडा वाढला की नोकरी शाबूत. माझीच नव्हे, सोबत काम करणाऱ्या सगळ्या पोरांची. बिचाऱ्यांचे संसार आत्ता कुठे सुरू झालेत. घरी हिला बेत सांगितला. म्हणाली, अहो, तुम्ही आपल्या ट्रॉल्या ढकला की. हिला काय कळतंय डोंबल!

९ फेब्रुवारी
युनिफॉर्मवर मेव्हण्याचा कोट, हातात रिकामी बॅग. पुढच्या दाराने आत, बाजूच्या दाराने बाहेर. एकोणीस फेऱ्या, एकोणीस टिक. कोट काखेत उसवला. मेव्हण्याला सांगायचं नाही.

१० फेब्रुवारी
सव्वीस. टोपी घातली, मग काढली. टिकटिकवाली दर वेळी हसते. ओळखलं की काय? छे! मी मुद्दाम घड्याळ बघत घाईत जातो. गुडघा बोंबलतोय.

११ फेब्रुवारी
चाळीस! पण पार्किंगमध्ये ट्रॉल्यांचा हा ढीग. माझं काम कोणीतरी मुद्दाम बिघडवतंय. छडा लावणारच.

२८ फेब्रुवारी
यादी लागली. सुपरवायझरने जवळ बसवून, पाणी देऊन समजावलं. प्रवासी वाढलेत, पोरांपैकी एकालाही काढणार नाहीत. पोरीच्या कागदावर मात्र दर तासाला कोण कामावर आहे याची नोंद होती. पार्किंगच्या रकान्यात तीन दिवस सलग: माणूस नाही. वरच्यांनी हिशेब लावला, की माणूस नसतानाही प्रवासी वाढले, मग ती जागा हवीच कशाला?

घरी हिने ताट वाढलं. मग विचारलं, अहो, तीन दिवस तुम्ही होता तरी कुठे?

म्हटलं, प्रवासात.