खाडीतला चिखल

मुरुड, १४ डिसेंबर

तीर्थरूप बाबांना नेत्राचा नमस्कार.

फोनवर बोलले असते तर आईने ऐकलं असतं, म्हणून हे पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. मी धडधाकट आहे, एवढं आधी वाचा.

काल आम्ही तिघी मैत्रिणी खाडीत कयाक वल्हवत होतो. ओहोटीत माझी कयाक रुतली. ढकलायला उतरले, तर मांडीपर्यंत चिखलात गेले. धडपडले तशी आणखी खाली.

जवळच कातकरीवाडीतल्या सोनूबाई खेकडे धरत होत्या. सकाळीच त्यांच्या अंगणात आम्ही त्यांचा नाच बघून टाळ्या वाजवल्या होत्या. "बाय, उभी ऱ्हाऊ नको! आडवी हो, पोटावर सरक," म्हणत त्या स्वतः चिखलात पालथ्या पडल्या आणि हाताला धरून त्यांनी मला ओढून काढलं.

मैत्रिणी आज मांडव्याहून बोटीने परतल्या. माझा पाय निघेना. डोळे मिटले की अजून खाली जाते मी. शेवटी सोनूबाईंना विचारलं, "मला चिखलात चालायला शिकवाल?"

"भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं."

"मंग ये. भ्यालेलं मानूस पाय जपून टाकतं."

उद्या सकाळी त्यांच्याबरोबर खाडीत खेकडे धरायला जातेय. तुमचा गुडघा कसा आहे? आईला चिखलाचं सांगू नका, खेकड्यांचं तेवढं सांगा.

तुमची,
नेत्रा