लेट गो म्हणजे काय

मंगळवार, संध्याकाळ

केतकी आज हिंजवडीहून चारलाच घरी आली. दारातच म्हणाली, "आई, कंपनीने आज मला लेट गो केलं." मी म्हटलं, "बरं झालं, एरवी आठ वाजवतात. चहा टाकते." मी आपली खुशीत आलं किसत राहिले.

चहा पिताना तिने सांगितलं, लेट गो म्हणजे कामावरून काढलं. मला 'जाऊ दिलं' एवढंच ठाऊक. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आणि पोटच्या पोरीचं एक वाक्य कळू नये? वर 'बरं झालं' म्हणाले! तेच सारखं आठवतंय.

"चुकलंच गं माझं. अर्थच माहीत नव्हता."

"नव्हता तेच छान. सकाळपासून सगळे माझी कीव करत होते. तू नुसता चहा दिलास." मग तिनेच तिसरा अर्थ सांगितला, मनातून सोडून देणं. "तो जमायला वेळ लागेल, आई."

आता ती आत झोपलीय. कित्येक महिन्यांत तिला अशी संध्याकाळी झोपलेली पाहिली नव्हती. कुकरच्या शिट्टीने जागी होईल, म्हणून भात पातेल्यातच टाकलाय.