चौसष्ट नंबरची शिफारस

मी, वर्लिन कुबिचेक, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, नेब्रास्कातील न्यू टाबोर येथील धान्य सहकारी संस्थेचा लेखापाल, ही रोजनिशी आजपासून लिहीत आहे. प्रयोजन एकच. माझा मुलगा कॉर्बिन याची या मोसमात अमेरिकी फुटबॉलच्या राज्य संघात निवड होणार आहे. ती कशी झाली, याची विश्वसनीय नोंद असावी. नोंद माझ्यासाठी आहे. अन्य कोणी वाचू नये.

३१ ऑगस्ट २०१८, शुक्रवार

आज पहिला सामना.

राज्य संघ म्हणजे डिसेंबरात ओमाहाच्या वर्तमानपत्रात छापली जाणारी नावे. हा संघ कधी एकत्र जमत नाही, एकही सामना खेळत नाही. त्यामुळे तो कधी हरलेलाही नाही. निवड झालेल्याची तसबीर आमच्या शाळेच्या व्यायामशाळेबाहेरच्या भिंतीवर लागते. त्या भिंतीवर, आग विझवण्याच्या नळकांड्याच्या अलीकडे, एकच जागा शिल्लक आहे. पुढच्या उन्हाळ्यात आमची शाळा हॅमलिनच्या शाळेत विलीन होणार. नाव, रंग, सगळे संपणार. सबब ती जागा अखेरची आणि ती कॉर्बिनची आहे.

मी स्वतः १९८१ च्या संघात राखीव खेळाडू होतो. दुर्दैवाने त्या मोसमात एकालाही दुखापत झाली नाही.

संकल्प: सामन्याच्या वेळी ओरडायचे नाही. कोच ओल्टमन यांना सल्ला द्यायचा नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

दोन्ही संकल्प पहिल्या सत्रातच शिथिल करावे लागले. मी ओरडलो नाही. उंच आवाजात माहिती पुरवली. सल्लाही दिला नाही; कुंपणावरून एक निरीक्षण कळवले. कोच म्हणाले, "वर्लिन, मी कधी तुझ्या गोदामात येऊन मका मोजतो का रे?"

कामाच्या व्यापातही त्यांनी माझ्या व्यवसायाची आठवण ठेवली, याचे समाधान वाटले.

सामना हरलो.

८ सप्टेंबर, शनिवार

अडचण लक्षात आली. कॉर्बिन गार्ड आहे. समोरच्याला ढकलून आडवे करायचे आणि चेंडू घेऊन मागून धावणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची, हे गार्डाचे काम. चेंडूला त्याचा हातही लागत नाही. परिणामी कोणत्याही तक्त्यात त्याच्या नावापुढे काही लिहिता येत नाही. चौसष्ट नंबर मैदानभर माणसे पाडतो आणि कागदावर मात्र तो जन्मालाच आलेला नाही.

त्याच्या मागून धावतो तो बावीस नंबर, केड श्रोडर. आमचे शेजारी गेलन श्रोडर यांचा मुलगा. धावणाऱ्याचे आकडे असतात, पण कोच ओल्टमन ते वर्तमानपत्राला कळवायचेच विसरतात, त्यामुळे त्यालाही बाहेर कोणी ओळखत नाही. मुलगा वाईट नाही. त्यांचे मेपलचे झाड वाईट आहे. त्याची सर्व पाने आमच्या अंगणात पडतात. गेलनना हे सांगितले तर म्हणाले, "अरे हिशेबनीस, पानांना कुठे कळतं कुंपण कुणाचं ते!"

सामना हरलो.

१५ सप्टेंबर, शनिवार

उपाय सापडला. चित्रफीत. आकडे नसतील तिथे प्रत्यक्ष पुरावा द्यावा. चित्रीकरण मी स्वतः निवेदकाच्या खोलीच्या छपरावरून करणार. कॅमेरा तिकाटण्यावर, पूर्ण मैदान चौकटीत, चौसष्ट नंबरभोवती लाल वर्तुळ.

जेवताना कॉर्बिनला योजना समजावली. तो म्हणाला, "बाबा, प्लीज. मला बटाटे दे ना इकडे."

विनय त्याच्यात उपजतच आहे.

२९ सप्टेंबर, शनिवार

चित्रफितीचा पहिला भाग घरी दाखवला. जोलीनने (माझी पत्नी, जिल्हा दवाखान्यात परिचारिका) एक सूचना केली. "अरे, कॉर्बिन समोरच्याला घेऊन दोन सेकंदांत आडवा होतो. मग पुढे नुसता केड पळतोय, पळतोय, पळतोय. ते कापून टाक की."

तिला तत्त्व समजावून सांगितले. प्रत्येक खेळी सुरुवातीपासून पंचाच्या शिट्टीपर्यंत संपूर्णच दाखवली पाहिजे. अर्धी खेळी दाखवणे म्हणजे देण्यांची बाजू फाडून ताळेबंद सादर करणे. पाहणाऱ्याला शंका येते. पूर्ण पुराव्यापुढे शंकेला जागा उरत नाही.

"मग बस बघत केडला," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

व्यावसायिक शिस्त घरच्यांना समजावून सांगणे कठीण असते.

६ ऑक्टोबर, शनिवार

नियमावली वाचली. मोसम संपल्यावर विभागातले सर्व कोच एकत्र बसून वर्तमानपत्राला नावे कळवतात. प्रत्येकाने आपल्या संघातल्या मुलांची नावे सुचवायची, पण मत आपल्या मुलाला देता येत नाही. म्हणजे कॉर्बिनचे भवितव्य प्रतिस्पर्धी कोचांच्या हाती आहे. मी प्रत्येकाला समक्ष भेटणार. सोबत मिरचीमांसाचे सूप आणि दालचिनीचे रोल. सूप मी करणार. रोल करायला जोलीन तयार झाली; अट अशी की मी अंगणातली पाने झाडावीत. अट तत्त्वतः मान्य केली.

१४ ऑक्टोबर, रविवार

हॅमलिनच्या कोच डर्क्स यांच्याकडे गेलो. भेट अपेक्षेहून यशस्वी.

सूप बाजूला ठेवून त्यांनी दोन रोल खाल्ले आणि चित्रफीत लावायला सांगितली. पहिलीच खेळी पाहून पुढे सरकले. "थांब, थांब. हा कोण?"

"चौसष्ट," मी म्हणालो. "लाल वर्तुळ आहे पाहा."

"वर्तुळ दिसतंय रे. हा बावीस कोण? आमच्याविरुद्ध होता हा?"

त्या सामन्यात तो तापाने घरी होता, असे सांगितले आणि पुन्हा विषयावर आलो. त्यांनी चित्रफीत परत लावायला लावली. मग त्यांच्या पत्नीला स्वयंपाकघरातून हाक मारली, "मार्ज, ये, हे बघ!" मार्ज यांनी उभ्याउभ्याच पाहिली आणि "अरे देवा" म्हणाल्या. मी स्वतः अनेकदा पाहूनही कॉर्बिनच्या खेळाने कोणाला देव आठवल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. दारात कोच म्हणाले, "वर्लिन, ही फिल्म आणलीस हे फार बरं केलंस. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं."

एक मत निश्चित.

२१ ऑक्टोबर, रविवार

उरलेल्या भेटी पूर्ण. सर्वत्र हाच अनुभव. चित्रफीत कोणीही अर्ध्यात थांबवली नाही. शिट्टीपर्यंत पाहिली, आणि शिट्टीनंतरही. एका कोचांनी चिंतेने विचारले, "हा बावीस पुढच्या वर्षी पुन्हा खेळणार का?" नाही, या वर्षी शाळा संपते, असे कळवले. त्यांनी छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. शेजारच्या मुलाच्या शिक्षणाची त्यांना वाटलेली ही काळजी पाहून भरून आले.

शुक्रवारी शेवटचा सामना हरलो. त्याला आता महत्त्व नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

काल कोचांची बैठक झाली. आज ओल्टमन मक्याची पावती न्यायला कचेरीत आले. विचारायचे नाही असे ठरवले होते. विचारले.

ते म्हणाले, "छापून येईपर्यंत नाव सांगता येत नाही. पण आपल्या एका पोराचं नाव वर गेलंय. एकमताने. आणि वर्लिन, खरं सांगतो, तुझ्या फिल्ममुळे गेलंय."

माझ्या फिल्ममुळे. यानंतर नावाची आवश्यकता नाही.

दुपारच्या सुट्टीत भिंतीवरच्या जागेचे माप घेऊन आलो. चौकट लिंकन शहरातल्या दुकानातून मागवली. अक्रोडाचे लाकूड.

११ नोव्हेंबर, रविवार

वृद्धाश्रमात आईला भेटून बातमी दिली. तिला ऐकायला कमी येते, म्हणून दोनदा दिली.

"कशात निवडला म्हणतोस? ढकलण्यात?" आईने विचारले. "तुझे आजोबा गाय ढकलून गोठ्यात घालायचे. त्यांची कुणी तसबीर नाही लावली."

खेळाची तांत्रिक बाजू पुढच्या भेटीत समजावू.

परत आल्यावर गेलन दिसले. मोठ्या मनाने त्यांना सांगितले की पानांचा विषय मी सोडून दिला आहे आणि केडनेही या मोसमात आपल्या परीने बरे काम केले. "तुझी तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारले. माणसाला अचानक चांगले वागवले की तो गोंधळतो.

तसबिरीच्या अनावरणासाठी भाषणाचा मसुदा सुरू केला. शीर्षक: "पडद्यामागील श्रम."

१६ डिसेंबर, रविवार

सकाळी आठ. वर्तमानपत्र आले. यादीत छापखान्याची गंभीर चूक आहे.

साडेआठ. चूक अद्याप तशीच आहे. गार्डांच्या रकान्यात दोन अपरिचित मुले. न्यू टाबोरचे एकच नाव, तेही धावणाऱ्यांत: केड श्रोडर. शेजारी बातमीदाराची टीप: "विभागातल्या कोचांनी एकमुखाने वाखाणलेला, एका चित्रफितीमुळे प्रकाशात आलेला खेळाडू."

चित्रफीत कोणाची, याचा उल्लेख नाही.

नऊ. गेलन कुंपण ओलांडून आले. हातात अख्खी भाजलेली डुकराची मांडी. "हिशेबनीस!" म्हणून त्यांनी मला मांडीसकट मिठी मारली. "डर्क्सचा फोन आला होता. म्हणाला, गेलन, असा शेजारी मिळायला नशीब लागतं. स्वतःच्या पोराला सोडून दुसऱ्याच्या पोरासाठी गावोगाव हिंडला! आणि मी बावळट, पानांवरून तुझी चेष्टा करायचो." त्यांचे डोळे पाणावले होते. वस्तुस्थिती स्पष्ट करण्यासाठी तोंड उघडले, पण तोपर्यंत जोलीनने मांडी आत नेली होती.

खिडकीतून पाहिले. अंगणात कॉर्बिन केडला खांद्यावर घेऊन नाचत होता. पानांतून. त्याला विचारले, तुला काहीच वाटत नाही का?

"वाटतं की!" तो म्हणाला. "बाबा, पूर्ण मोसम मी त्याच्यासाठी वाट काढली. पोहोचला ना तो!"

परिस्थितीचे गांभीर्य त्याला नंतर समजेल.

१८ डिसेंबर, मंगळवार

वर्तमानपत्राकडे पाठवायच्या हरकतीचा मसुदा केला. कोचांची सही हवी होती. ओल्टमननी वाचून परत दिला. "हरकत कशाला घेतोयस? पुराव्याला? पुरावा तर तूच दिलास."

मसुदा स्थगित.

मांडी उत्तम होती.

३ जानेवारी २०१९, गुरुवार

नवी घडामोड. केडने भिंतीसाठी एकट्याने फोटो काढून घ्यायला नकार दिला. मुख्याध्यापिका श्रीमती वाइलँड यांना म्हणाला, "एकटा उभा राहून काय दाखवू? एकटा होतो कधी मी?" त्याने माझ्याच चित्रफितीतले एक दृश्य मोठे करून लावायला सांगितले आहे. कॉर्बिनसहित!

श्रीमती वाइलँड विचारत होत्या, तुमच्याकडे त्या मापाची चौकट आहे असे कळले, ती मिळेल का? दिली. आनंदाने दिली. कॉर्बिन भिंतीवर जात आहे. मार्ग थोडा वळणाचा होता, एवढेच. आता लक्षात येते की पूर्ण खेळी दाखवण्याचा माझा निर्णय किती दूरदर्शी होता. जोलीनला तसे सांगितले. ती पाठ फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते. भावना अनावर झाल्या असाव्यात.

८ जानेवारी, मंगळवार

दृश्य पाहिले.

वरच्या कोपऱ्यात केड हवेत, चेंडू छातीशी, चेहऱ्यावर प्रकाश. पुढे, मध्यभागी, कॉर्बिन. त्याने प्रतिस्पर्ध्याला जमिनीत रुतवले आहे आणि स्वतःचे डोकेही त्याच्यासोबत चिखलात रुतवले आहे. चेहरा दिसत नाही. नंबर चिखलाने भरला आहे, माझे लाल वर्तुळ छापताना काढले आहे. जे दिसते ते कमरेखालचे असून आकाशाकडे वळलेले आहे.

दुसरे दृश्य निवडावे, असे सुचवले. मुले ऐकेनात. कॉर्बिन हसून हसून जमिनीवर बसला. "बाबा, हेच! हेच लावा!" खाली दोन्ही नावे लिहावीत, अशी विनंती केली. श्रीमती वाइलँड म्हणाल्या, "निवड झालेल्याचंच नाव येतं हो. नियम आहे." नियमाविरुद्ध मी जाऊ शकत नाही.

तथापि मोजपट्टीने पडताळले. तसबिरीच्या क्षेत्रफळाचा निम्म्याहून अधिक भाग कॉर्बिनने व्यापला आहे. केडच्या वाट्याला जेमतेम कोपरा. नाव त्याचे असो, भिंत आमची.

११ जानेवारी, शुक्रवार

आज बास्केटबॉलच्या सामन्याआधी तसबिरीचे अनावरण. व्यायामशाळेबाहेरचा बोळ खचाखच. कोच डर्क्स हॅमलिनहून आले होते. आईला चाकांच्या खुर्चीतून आणले. भाषणाला वेळ नव्हता. माझ्या खिशात ते तयार होते.

पडदा सरकला. टाळ्या. मग थोडी कुजबूज. कोणीतरी विचारले, "केड कळला. पण पुढे हे कोण?" मी योग्य ती माहिती देण्यासाठी घसा साफ केला.

तेवढ्यात आई ओरडली. ऐकू कमी येत असल्याने ती नेहमीच ओरडते.

"अगं बाई! हा तर आपला कॉर्बिन!"

मी वाकून विचारले, आई, चेहरा दिसत नाही, नंबर दिसत नाही, ओळखलेस कसे?

"अरे, दोन वर्षं लंगोट बदललेत मी त्याचे," आई म्हणाली. "आणि तुझे त्याहून जास्त. ठेवण अगदी तुझीच आहे, वर्लिन. डिट्टो!"

सर्वांनी आधी तसबिरीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग, मी सरळ उभा असल्यामुळे नीट पडताळता येईना, म्हणून काहीजण बाजूला सरकून पाहू लागले. कोच डर्क्स सर्वांत पुढे होते.

मी सामना संपेपर्यंत भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो.

येथे नोंद बंद करत आहे.

वर्लिन कुबिचेक
न्यू टाबोर, नेब्रास्का
११ जानेवारी २०१९