टोकवाडीचा एक दिवसाचा रस्ता

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
जोडरस्ते पाहणी कक्ष

अर्जदार : जॉर्ज शांतवन उजागरे, शेतकरी, मौजे टोकवाडी (धरणाच्या फुगवट्याकाठी), ता. नेवासा, जि. अहिल्यानगर

विषय : टोकवाडी ते घोडेगाव जोडरस्त्याची फेरपाहणी गावाला न कळवता करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, "रस्ता सुस्थितीत आढळला. मागणी निकाली."

महोदय,

उसाचे पाचट. फुटक्या कौलांचा चुरा. चर्चची सतरंजी. बुद्धविहारातल्या कुंड्या. लग्नाची कमान. रांगोळी, दोन रंगांत.

वरील वस्तूंचा एकमेकींशी संबंध असून, आपण पाहिलात तो रस्ता त्यांचाच होता.

१. टोकवाडीच्या तीन बाजूंना धरणाचे पाणी असून चौथ्या बाजूने हा एकच रस्ता बाहेर जातो. पोळ्याच्या सुमारास पाणी चढले की ओढ्याजवळचा भाग बुडतो. एरवी खड्डे. अर्जदाराची पत्नी हन्ना हिच्या दोन्ही किडन्या निकामी असून तिला दर मंगळवारी व शनिवारी डायलिसिससाठी नगरला न्यावे लागते.

२. आपण पाहणीला येणार, असा निरोप आदल्या दिवशी आला. रस्ता आहे तसा दाखवायचा, असे उपसरपंच उत्तमराव म्हणाले. त्यावर शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या, "सायेब पयल्यांदा गावात येनार, अन् त्यांना खड्ड्यात घालता व्हय? लाज हाय का न्हाई?"

"मावशे, खड्डे बघायलाच येत्यात ते."

"बघत्याल की. आधी चा तर पिऊ द्या."

यानंतर कोणी घरी बसले नाही. पाहुणा येणार म्हटले की अंगण सारवायचे, ही आमची रीत. त्या दिवशी अंगण ओढ्याच्या पलीकडेपर्यंत गेले. खड्ड्यांत पाचट, वर चुरा, वर माती, पाणी मारून धुमसाने चोपलेली. ओढ्यालगत ओल राहिली, तेथे सतरंजी अंथरून वर मुरूम पसरला.

४. आपण आलात. जीपला कोठे हादरा बसला नाही. "छान रस्ता आहे की तुमचा," असे आपण म्हणालात. तेव्हा कोणीतरी खरे बोलायला हवे होते, परंतु सगळ्यांना बरे वाटले.

५. दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी गेली आणि रस्ता होता तसा झाला. गेल्या मंगळवारी हन्नाला नेणारा टेम्पो ओढ्यालगत रुतला व डायलिसिस हुकले. तिचे पाय सुजले आहेत. पुन्हा हुकता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आपल्या पत्रानुसार तेथे रुतण्याजोगे काही नाही. तरी टेम्पो नेमका कशात रुतला, हे लेखी कळावे, म्हणजे त्यातून काढता येईल.

६. सबब विनंती की, पाणी चढण्यापूर्वी भराव टाकून रस्ता उंच करावा व त्यासाठी फेरपाहणीस यावे. येण्याचा दिवस कळवू नये. कळवलात तर हे लोक पुन्हा रस्ता करतील. अर्जदाराने हात जोडून पाहिले, ऐकत नाहीत. घोडेगावच्या बाजारादिवशी यावे, तेव्हा गावात करणारे कोणी नसते. चहा मिळणार नाही, त्याबद्दल क्षमस्व.

वाटेकडे डोळे लावून, परंतु कसलीही तयारी न करता,

आपला
जॉर्ज शांतवन उजागरे
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत :
डॉक्टरांचे पत्र.
सतरंजीचा तुकडा, टेम्पोच्या चाकाखालून निघालेला.

मुद्दा क्र. ३ वर लिहायचा राहिला, तो असा : पाहणीच्या दिवशी सकाळी शेवटच्या खड्ड्यात माती हन्नाने टाकली.